नवा दिग्दर्शक आला की बाँड खरंच बदलतो का?

पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "या विषयावर इतकं काम झालंय, मग तुम्ही नवीन काय करणार?" हाच प्रश्न सध्या जगभरातले सिनेमावाले एका दिग्दर्शकाबद्दल विचारतायत. २५ जून २०२५ ला अ‍ॅमेझॉन एमजीएम स्टुडिओजने जाहीर केलं की पुढचा जेम्स बाँडपट डेनी व्हिलनव्ह करणार. 'सिकारिओ', 'अरायव्हल', 'ब्लेड रनर २०४९' आणि 'ड्यून'चे दोन भाग करणारा हा माणूस. त्याची एक फ्रेम पाहिली तरी ओळखू येते. लगेच चर्चा सुरू झाली: आता बाँड संथ होणार, गंभीर होणार, विनोद संपणार, वगैरे.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, सिनेमाची अभ्यासक नाही. पण हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यात एक कार्यकारणाचा दावा लपलाय: दिग्दर्शक बदलला की मालिका बदलते. हे खरं आहे का? तपासायचं कसं? आपल्याकडे विदा आहे. १९६२ ते २०२१ या काळात ईऑन प्रॉडक्शन्सचे २५ बाँडपट आले. दिग्दर्शक १२, बाँड झालेले नट ६. इतकी लांब, इतकी नीट नोंदलेली मालिका क्वचितच मिळते. आज तिच्याकडे संशोधनाच्या नजरेने बघू. तुमच्या सिनॉप्सिससाठी यातल्या तीन-चार गोष्टी थेट उपयोगी पडतील.

आधी पाया: मूळ साचा कोणी बनवला?

बदल मोजायचा तर आधी काय होतं ते ठरवावं लागतं. इयन फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी, 'कसिनो रोयाल', १९५३ ची. पडद्यावर बाँड आला १९६२ मध्ये, 'डॉक्टर नो'मधून. निर्माते अल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन, दिग्दर्शक टेरेन्स यंग.

यंगचा ठसा मोठा आहे यात शंका नाही. शॉन कॉनरीला आपल्या शिंप्याकडे नेऊन सूट शिवून घेणारा, त्याला तो डौल शिकवणारा माणूस यंगच. पण आपण ज्याला 'बाँडपट' म्हणतो त्याचे तुकडे मोजा. खलनायकाचे ते अवाढव्य, तिरक्या छताचे अड्डे कलादिग्दर्शक केन अ‍ॅडमचे. बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँड मॉरिस बाइंडरचा. मालिकेचा तो संगीताचा बाज जॉन बॅरीचा. मारामारीतली झपाट्याची कापाकापी संकलक पीटर हंटची. मग तिसऱ्या चित्रपटाला, म्हणजे 'गोल्डफिंगर'ला (१९६४), दिग्दर्शक आला गाय हॅमिल्टन. यंत्रं लपवलेली अ‍ॅस्टन मार्टिन आणि थट्टेचा सूर त्यात पक्का झाला.

म्हणजे साचा तयार झाला तो एका टोळीच्या हातून आणि दोन दिग्दर्शकांच्या काळात. निर्माते मात्र तेच होते. पहिल्या १६ चित्रपटांना (१९६२ ते १९८९) मिळून फक्त ५ दिग्दर्शक: यंग, हॅमिल्टन, लुईस गिल्बर्ट, हंट आणि जॉन ग्लेन. शेवटचे दोघे तर घरचेच, संकलनाच्या टेबलावरून दिग्दर्शकाच्या खुर्चीत आलेले. १९९५ नंतरच्या ९ चित्रपटांना मात्र ७ दिग्दर्शक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दिग्दर्शक तोच, चित्रपट वेगळे

प्रयोगशाळेत आपण काय करतो? एक गोष्ट स्थिर ठेवतो आणि परिणाम बदलतो का ते बघतो. जॉन ग्लेनचे पाच चित्रपट सलग आहेत, १९८१ ते १९८९. दिग्दर्शक स्थिर. सूर स्थिर राहिला का? अजिबात नाही. 'ऑक्टोपसी'मध्ये (१९८३) उदयपूरचे महाल, कबीर बेदी, रिक्षा चालवणारा विजय अमृतराज आणि सर्कशीतल्या विदूषकाच्या वेशातला रॉजर मूर. सहा वर्षांनी 'लायसन्स टू किल' (१९८९): मित्राला शार्कच्या तोंडी दिलं म्हणून नोकरी सोडून सूड घेत फिरणारा टिमथी डाल्टन. माणूस एकच, पण हे दोन चित्रपट एकाच्या हातचे वाटत नाहीत. मधल्या काळात नट बदलला, आणि प्रेक्षकांना काय रुचतंय याचा निर्मात्यांचा अंदाजही बदलला.

उलट उदाहरण लुईस गिल्बर्टचं. त्याचे तीन चित्रपट, 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६७), 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) आणि 'मूनरेकर' (१९७९), एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. पहिल्यात अंतराळयान अंतराळयानाला गिळतं, दुसऱ्यात तेलवाहू जहाज पाणबुड्यांना गिळतं, तिसऱ्यात खलनायक थेट अंतराळात जाऊन बसतो. पटकथालेखक वेगळे (पहिल्याचा तर रोआल्ड डाल), नट वेगळे, तरी साम्य इतकं. मग हा गिल्बर्टचा ठसा म्हणायचा? थांबा. तिन्ही चित्रपटांना केन अ‍ॅडमही होता. त्या अवाढव्य कल्पना आधी कोणाच्या डोक्यात आल्या, हे नुसतं पडद्यावर बघून वेगळं काढता येत नाही.

आणि 'मूनरेकर' मुळात का बनला? 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या शेवटी पुढचा चित्रपट म्हणून 'फॉर युअर आइज ओन्ली'ची घोषणा झाली होती. मधे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' येऊन धुमाकूळ घालून गेला, आणि बाँडला अंतराळात पाठवायचं ठरलं. इथे दिशा बाजाराने ठरवली, दिग्दर्शकाने त्या दिशेने गाडी हाकली.

१९६९: दोन गोष्टी एकदम बदलल्या तर

आता सगळ्यात गाजलेला अपवाद. 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'. पीटर हंटचं पहिलंच दिग्दर्शन. त्याने यंत्रांचा पसारा कमी केला, फ्लेमिंगच्या कादंबरीला जवळजवळ धरून राहिला, बाँडचं लग्न लावलं आणि शेवटी बायकोला, डायना रिगच्या ट्रेसीला, गाडीतच गोळी लागून मरू दिलं. चित्रपट त्या मृत्यूवर संपतो. त्याआधी असलं काही या मालिकेत झालं नव्हतं.

पण याच चित्रपटात कॉनरीऐवजी जॉर्ज लेझनबी होता, आणि त्याने पुन्हा बाँड केला नाही. कमाई आधीच्या चित्रपटापेक्षा कमी झाली. कारण काय? नवा नट? नवा सूर? दुःखी शेवट? दोन-तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्यामुळे उत्तर वेगळं काढता येत नाही. तुम्ही दोन अभिकर्मक एकदम बदलून मग उत्पन्न का घटलं म्हणून डोकं धरून बसता, तसंच हे.

निर्मात्यांनी मात्र निष्कर्ष काढला. १९७१ मध्ये 'डायमंड्स आर फॉरेव्हर'ला हॅमिल्टन परत, कॉनरी परत, थट्टा परत. सुरुवातीला बाँड खलनायकाचा माग काढताना दिसतो खरा, पण मेलेल्या बायकोचं नाव कोणी घेत नाही. हंटने केलेला बदल दोन वर्षांत पुसला गेला.

पूर्ण पुसला गेला का, हा पुढचा प्रश्न. १९६९ च्या त्या चित्रपटाचा संकलक आणि दुसऱ्या युनिटचा दिग्दर्शक होता जॉन ग्लेन. बारा वर्षांनी त्याच्या हाती मालिका आली तेव्हा 'फॉर युअर आइज ओन्ली'चं पहिलंच दृश्य ट्रेसीच्या कबरीवरचं आहे. पुढे ख्रिस्तोफर नोलनने 'इन्सेप्शन'मधल्या (२०१०) बर्फातल्या किल्ल्याच्या प्रसंगामागे हाच बाँडपट असल्याचं सांगितलं. आणि २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये १९६९ चंच गाणं आणि तीच धून परत येते. एखाद्या पेपरला पाच वर्षांत कोणी विचारू नये आणि तीस वर्षांनी त्यावर एक शाखा उभी राहावी, असं हे झालं.

१९८३: फुकटात मिळालेला प्रयोग

संशोधनात 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात तो प्रकार माहीत असेल. आपण काही केलेलं नसतं, परिस्थितीनेच तुलना तयार करून दिलेली असते. बाँडच्या इतिहासात असा एक प्रसंग आहे.

'थंडरबॉल'च्या कथेवरून केव्हिन मक्लोरी आणि फ्लेमिंग यांच्यात न्यायालयीन वाद झाला होता, आणि १९६३ च्या तडजोडीत पडद्यावरचे हक्क मक्लोरीकडे गेले. त्याच्या जोरावर १९८३ मध्ये ईऑनच्या बाहेर त्याच कथेवर दुसरा चित्रपट आला: 'नेव्हर से नेव्हर अगेन'. नायक खुद्द शॉन कॉनरी. दिग्दर्शक अर्विन कर्शनर, ज्याने तीनच वर्षांपूर्वी 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' केला होता. म्हणजे कथा तीच, नट तोच, दिग्दर्शक नावाजलेला. नव्हतं काय? बंदुकीची नळी, ओळखीची धून, आणि ईऑनची मंडळी.

त्याच वर्षी ईऑनचा 'ऑक्टोपसी' लागला आणि त्याने जास्त कमाई केली. कॉनरीचा चित्रपटही चालला, पण आज मालिकेची यादी करताना लोक त्याला बाजूला ठेवतात. आता यावरून "दिग्दर्शकापेक्षा साचा मोठा" असं लिहून मोकळं व्हायचा मोह होईल. पण जरा दम धरा. 'थंडरबॉल' १९६५ चा, म्हणजे मधे अठरा वर्षं गेलेली. कॉनरी पन्नाशी ओलांडलेला. नैसर्गिक प्रयोग कधीच स्वच्छ नसतो. एवढंच म्हणता येईल की चांगला दिग्दर्शक आणि मूळ नायक असूनही, ओळखीच्या साच्याबाहेरचा बाँड प्रेक्षकांच्या मनात मुख्य मालिकेची जागा घेऊ शकला नाही.

२००६ आणि २०१२: जिथे बदल टिकला

मार्टिन कॅम्पबेलने दोनदा मालिकेला नवा नट लावून उभं केलं: १९९५ मध्ये 'गोल्डनआय', २००६ मध्ये 'कसिनो रोयाल'. दोन्ही वेळा मालिका अडचणीत होती. १९८९ नंतर कायदेशीर भांडणांत सहा वर्षं गेली आणि तेवढ्यात शीतयुद्धच संपलं. २००२ च्या 'डाय अनदर डे'मध्ये अदृश्य होणारी गाडी दाखवून झाली, आणि त्याच वर्षी 'द बोर्न आयडेंटिटी'ने हेरपटाचा सूर बदलला. 'कसिनो रोयाल'चे हक्क १९९९ मध्ये सोनीबरोबरच्या तडजोडीत मिळालेले होते. निर्माते बार्बरा ब्रॉकोली आणि मायकल विल्सन यांनी ठरवलं: शून्यापासून सुरुवात. क्यू नाही, मनीपेनी नाही, नवखा आणि चुकणारा बाँड. कॅम्पबेलने ते उत्तम केलं. पण दार निर्मात्यांनी उघडलं होतं.

सॅम मेंडेसच्या 'स्कायफॉल'ची (२०१२) गोष्ट तशीच. रंगभूमीवरून आलेला, 'अमेरिकन ब्यूटी'साठी ऑस्कर मिळवलेला दिग्दर्शक. बाँडचं बालपण, त्याचं स्कॉटलंडमधलं घर, एमचा मृत्यू. १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा हा पहिला बाँडपट. श्रेय मेंडेसचं? बरंचसं, हो. पण दोन नोंदी करून ठेवा. एक, २०१० मध्ये एमजीएम दिवाळखोरीत गेल्यामुळे काम थांबलं आणि पटकथेला जास्तीचा वेळ मिळाला. याउलट आधीच्या 'क्वांटम ऑफ सोलेस'चं चित्रीकरण लेखकांच्या संपात सुरू झालं होतं. दोन, त्या चित्रपटाचा छायालेखक रॉजर डीकिन्स. मग तीन वर्षांनी मेंडेसनेच 'स्पेक्टर' केला. दिग्दर्शक तोच, नट तोच, डीकिन्स नाही, आणि स्वागत पुष्कळ कोमट.

गंमत म्हणजे हाच डीकिन्स व्हिलनव्हच्या 'प्रिझनर्स', 'सिकारिओ' आणि 'ब्लेड रनर २०४९'चाही छायालेखक. तेव्हा "व्हिलनव्हची फ्रेम" म्हणून आपण जे ओळखतो, त्यातलं किती व्हिलनव्हचं आणि किती डीकिन्सचं? 'ड्यून' डीकिन्सविना झाला, म्हणून तुलना करता येते. ती करून बघा, चांगला गृहपाठ आहे.

जे दिसत नाहीत त्यांचं काय?

इथपर्यंतच्या सगळ्या विदेत एक मोठं छिद्र आहे. आपण फक्त निवडले गेलेले दिग्दर्शक बघतोय. स्टीव्हन स्पिलबर्गला बाँडपट करायचा होता आणि ब्रॉकोलीने नकार दिला, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. तो जॉर्ज लुकसबरोबर 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'कडे (१९८१) वळला. डॅनी बॉयलचं नाव २०१८ मध्ये जाहीर झालं आणि त्याच ऑगस्टमध्ये सर्जनशील मतभेदांचं कारण देऊन तो बाहेर पडला. सप्टेंबरमध्ये कॅरी फुकुनागाचं नाव आलं.

याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. जे साच्यात बसणार नाहीत ते आधीच गाळले जात असतील, तर उरलेल्यांकडे बघून "दिग्दर्शकांमुळे फारसा फरक पडत नाही" असं म्हणणं चुकीचं ठरेल. सर्वेक्षणात फक्त उत्तर देणाऱ्यांचीच मतं मोजली जातात, तशी ही अडचण आहे. 'मिशन इम्पॉसिबल'शी तुलना केली की हे स्पष्ट होतं. तिथे पहिले चार चित्रपट चार वेगळ्या धाटणीच्या दिग्दर्शकांना दिले: ब्रायन डी पाल्मा, जॉन वू, जे. जे. एब्रम्स, ब्रॅड बर्ड. चारही चित्रपट एकमेकांपासून लगेच वेगळे ओळखू येतात. तिथे स्थिर होता तो टॉम क्रूझ, नट आणि निर्माता दोन्ही. पुढे ख्रिस्तोफर मक्वॉरी आला आणि २०१५ ते २०२५ मध्ये चार चित्रपट करून राहिला. म्हणजे दिग्दर्शकाला किती जागा मिळते, हे कोण काय घट्ट धरून बसलंय त्यावर ठरतं.

मग निष्कर्ष काय?

हे सगळं मांडल्यावर मला एक आकृतिबंध दिसतो. ज्यांनी मालिका मनापासून हलवली असं आपण म्हणतो, ते बहुतेक जण मागे, फ्लेमिंगकडे गेले. हंटने १९६३ ची कादंबरी जवळजवळ तशीच घेतली. ग्लेनच्या 'लायसन्स टू किल'मधला शार्कचा प्रसंग 'लिव्ह अँड लेट डाय' कादंबरीतला, जो त्या नावाच्या चित्रपटाने वगळला होता. कॅम्पबेलने १९५३ ची पहिली कादंबरी घेतली. मेंडेसच्या बाँडचे मृत आईवडील फ्लेमिंगने १९६४ मध्येच लिहून ठेवले होते. मालिकेने वाटेत जे टाकून दिलं, ते यांनी उचललं. याला विरोधी उदाहरण आहे: 'गोल्डनआय'मध्ये फ्लेमिंगची कथा नाही (नाव त्याच्या जमैकातल्या घराचं), तरी ते पुनरागमन जमलं. म्हणून हा नियम म्हणून मांडू नका, गृहीतक म्हणून मांडा.

तुम्ही एखाद्या लॅबमध्ये जाता, तिथे पंधरा वर्षं चाललेला प्रकल्प असतो. गाईडचा, तीन सीनियरांचा, निधी देणाऱ्या संस्थेचा. त्यात "माझं" काय, ही भीती प्रत्येकाला वाटते. बाँडच्या इतिहासातून मला तरी असं दिसतं की आधी तीन यादी कराव्यात: काय हलवता येणार नाही, ते कोणी धरून ठेवलंय, आणि मूळ कामातलं काय पुढच्यांनी वाचलंच नाही. तिसरी यादी करायला मूळ पेपर आणि जुन्या थीसिस काढून वाचाव्या लागतात. नुसते आढावा-लेख पुरत नाहीत.

आता व्हिलनव्ह. २०२५ मध्ये दिग्दर्शकापेक्षा मोठी गोष्ट बदलली आहे. अ‍ॅमेझॉनने एमजीएम ८४५ कोटी डॉलरला घेतलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मालिकेचा सर्जनशील ताबा ब्रॉकोली-विल्सन यांच्याकडून अ‍ॅमेझॉनकडे गेला. त्यानंतर निर्माते म्हणून एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन आले, पटकथेला स्टीव्हन नाइट. १९६२ पासून स्थिर असलेला चल पहिल्यांदाच हलला. म्हणजे पुन्हा १९६९ ची अडचण: दोन गोष्टी एकदम बदलल्या. चित्रपट वेगळा निघाला तर श्रेय व्हिलनव्हला द्यायचं की नव्या मालकांना, हे एका चित्रपटावरून सांगता येणार नाही. तो आला, पुढचा दुसऱ्या कोणी केला, मगच काही बोलता येईल.

तरी चित्रपट यायच्या आत अंदाज लिहून ठेवायला हवा, नाहीतर नंतर सगळेच "मला वाटलंच होतं" म्हणतात. माझे तीन असे. पहिला, दृश्य आणि ध्वनी बदलतील, मोकळ्या जागा आणि शांतता वाढेल, कारण ते दिग्दर्शकाच्या हातात सगळ्यात जास्त असतं. दुसरा, एम, क्यू, मनीपेनी हा सांगाडा राहील. 'ब्लेड रनर २०४९'मध्ये दुसऱ्याचं जग घेताना व्हिलनव्हने मूळचा लेखक आणि मूळचा नायक दोघांनाही बरोबर घेतलं होतं, आणि बाँडची परंपरा जपायचं त्याने आधीच जाहीर केलंय. तिसरा, खरोखर नवं काही आलं तर ते फ्लेमिंगच्या न वापरलेल्या पानांतून येईल. १९५५ च्या 'मूनरेकर' कादंबरीतला केंटच्या किनाऱ्यावरचा क्षेपणास्त्राचा कट अजून नीट पडद्यावर आलेला नाही.

तिन्ही चुकीचे ठरू शकतात, आणि चुकले तर कुठे चुकले ते सांगता येईल इतके नेमके आहेत. तुमच्या सिनॉप्सिसमधलं गृहीतक या कसोटीला उतरतं का, ते आज रात्री एकदा तपासा.